रात्र कुठनं आणणार?

फेब्रुवारीत पसरणीच्या घाटातून उतरणाऱ्या गाड्यांत डोकावून पाहावं. मागच्या काचेशी प्लॅस्टिकचे पारदर्शक डबे रचलेले असतात. त्यात वरचा थर टपोऱ्या फळांचा आणि खालचा ज्याच्या त्याच्या नशिबाचा. शेजारी चणे, क्रशच्या बाटल्या, गाजरांची जुडी. आणि अधूनमधून एखाद्या गाडीत, कुणाच्या तरी पायांशी, काळ्या पिशवीतलं स्ट्रॉबेरीचं रोप. पाच-सात पानं, एक फूल आणि दोन पिकलेली फळं. विकणारा पक्का असतो. गिऱ्हाईक ती दोन फळं बघूनच खिशात हात घालतं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून पिशवी अशी ठेवलेली असते की फळं रस्त्याकडे तोंड करून राहतील.

पाचगणी सोडताना ते रोप समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर असतं. वाईला पोचतं तेव्हा ७०० वर. पुढे खंबाटकीचा बोगदा, पुणे, मग बोरघाट, आणि दिवेलागणीला ठाण्याची खाडी. एका दिवसात एवढं खाली आणलं तर कुणाचीही मान पडेल. सकाळी पाणी घातल्यावर ते पुन्हा उभं राहतं. फळं घरातली पोरं खाऊन टाकतात, फूल गळतं, आणि मग ते निमूट पानं काढत बसतं. पावसाळ्यात केव्हातरी कुंडी रिकामी होते आणि तिच्यात कोरफड जाते. "आपल्याकडे नाही होत स्ट्रॉबेरी," असा निकाल लागतो.

निकाल अगदीच खोटा नाही, पण त्यात कारणमीमांसा नसते, आणि मला रस आहे तो तिच्यात. मी ठाण्यात राहते, गच्चीच्या खालच्याच मजल्यावर, आणि दर हिवाळ्यात थोड्या कुंड्यांतून स्ट्रॉबेरी लावते. किती निघते ते विचारू नये. तेवढ्या फळांच्या किमतीचं तर माझं गांडूळखतच होतं. शेजारच्या काकू हिशेबाला चोख आहेत. त्यांनी एकदा "अगं, त्यापेक्षा दादरहून दोन डबे आण ना," असं सुचवून पाहिलं आणि नंतर विषय सोडला.

कारण विचारलं तर लोक उन्हाकडे बोट दाखवतात. आपलं ऊन कडक, ते नाजूक फळ, कसं व्हायचं? पण महाबळेश्वरच्या पठारावर जानेवारीत दुपारी बाराला डोक्यावर काही न घेता उभं राहून बघा. ऊन तिथंही चांगलं चावतं, आणि स्ट्रॉबेरी त्याच उन्हात उघड्यावर पिकते. मातीचं म्हणावं तर तिथली लाल माती आपल्या कोकणातल्या मातीच्या नात्यातलीच. मला हे कोडं उलगडून सांगितलं ते भिलारच्या एका शेतकऱ्याने. भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं मांडली गेली. त्यातल्या एका घरात आम्ही वाचायला म्हणून शिरलो आणि परसदारातून थेट त्यांच्या गादीवाफ्यांत निघालो. मी ठाण्यात स्ट्रॉबेरी लावते म्हटल्यावर ते हसले नाहीत, हे विशेष. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून एका रोपाची पानं बोटांनी बाजूला करत म्हणाले, "झाड जगंल की ओ ताई. पानंबी येतील चांगली. पर रात्र कुठनं आणणार?"

या एका वाक्यात जे होतं ते मला पुढे पुस्तकांतून फोड करून वाचावं लागलं. झाडं दिवसाची लांबी ओळखतात आणि त्यावरून फुलायचं ठरवतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली: झाड दिवसापेक्षा रात्र मोजतं. आपल्याकडे लावली जाणारी स्ट्रॉबेरी बहुतेक अशा जातींची असते की रात्री लांबायला लागल्या, हवा गार व्हायला लागली की तिच्या गड्ड्यात कळ्यांची बीजं धरतात. गड्डा म्हणजे पानांच्या बुडाशी असलेला तो जाड, तपकिरी ठोंब. दिवस मोठे आणि हवा उबदार असली तर तोच गड्डा फुलांचा नाद सोडून रनर सोडू लागतो, म्हणजे जमिनीलगत लांब तंतू आणि त्यांच्या टोकाला पिल्लू रोप.

आता ठाण्याचं बघा. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. लंडनमध्ये तो साडेसोळा तासांच्या वर जातो. म्हणजे युरोपातल्या स्ट्रॉबेरीला शरद आल्याचं जे घड्याळ सांगतं, ते आपल्याकडे जवळजवळ बारा महिने तीच वेळ दाखवतं. घड्याळाची अडचण नाहीच. अडचण आहे ती पाऱ्याची. रात्री साधारण १५ अंशांच्या खाली गेल्या तर ही झाडं दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करता कळ्या धरतात. आणि हवा सतत पंचविशीच्या वर राहिली तर दिवस कितीही लहान असो, कळी धरत नाही. ऑक्टोबरातली ठाण्याची रात्र आठवा. पंखा पाचवर, आणि उशीची बाजू पालटत राहायची. त्या रात्रीत आपल्याला झोप येत नाही तिथं स्ट्रॉबेरीला फूल कुठून सुचणार?

मग घाटावरून आणलेल्या रोपाला डिसेंबरात ठाण्यात फूल येतं ते कसं? तर ते फूल ठाण्याचं नसतंच. गड्ड्यात कळी धरल्यापासून ती पानांतून बाहेर दिसेपर्यंत काही आठवडे जातात. म्हणजे नर्सरीतून नोव्हेंबरात मी आणलेलं रोप आपल्या पोटात डोंगरावरचा ऑक्टोबर घेऊन आलेलं असतं. मी पाणी घालते, खत घालते, कौतुक करून घेते. फळ मात्र वरच्या रात्रींचं. तो साठा संपला की फुलं थांबतात. पायांशी ठेवून आणलेल्या त्या फेब्रुवारीतल्या रोपाचंही तेच. त्याच्याकडे जेवढी थंडी शिल्लक होती तेवढी त्याने खर्च केली.

हे लक्षात आल्यावर मला सुरुवातीला जरा फसवल्यासारखं वाटलं. मग कळलं की जगभर हाच व्यवहार चालतो. जपानात तोचिगी प्रांतातले शेतकरी उन्हाळ्यात आपली रोपं निक्कोच्या डोंगरातल्या पठारावर नेत, तिथल्या गार रात्री त्यांना देत, आणि मग खाली आणून लावत. नाताळच्या केकवर लवकर लाल फळ चढावं म्हणून. फ्लोरिडातले बागायतदार थेट कॅनडातल्या नर्सऱ्यांकडून रोपं मागवतात. कॅलिफोर्नियात उत्तरेकडच्या उंचावर रोपं वाढतात आणि समुद्रकाठी फळतात. आणि आमचं महाबळेश्वर? तिथली मातृरोपं परदेशातून, बरीचशी कॅलिफोर्नियाहून येतात. स्वीट चार्ली, विंटर डॉन ही भिलारच्या आजीच्याही तोंडी बसलेली नावं फ्लोरिडाच्या विद्यापीठातून निघालेल्या जातींची आहेत, कॅमारोसा कॅलिफोर्नियाची. महाबळेश्वराचा पाऊस मातृरोपांना सोसवत नाही, म्हणून पावसाळ्यात वाईच्या बाजूला त्यांची रनर वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं पुन्हा घाट चढतात. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या झाडाची आई परदेशी, बालपण घाटाखालचं, त्याला गावाचं नाव लागलं, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. नाव लागलंय ते तिथल्या रात्रींना.

विषुववृत्ताकडच्या देशांत स्ट्रॉबेरी कुठं कुठं होते ते एकदा नकाशावर पाहिलं. मलेशियात कॅमेरॉन हायलंड्स, व्हिएतनाममध्ये दालात, फिलिपिन्समध्ये बाग्विओजवळचं बेंग्वेत, श्रीलंकेत नुवारा एलिया. सगळी डोंगरावरची. आणि बहुतेक ठिकाणी कुण्या ना कुण्या गोऱ्या साहेबाने उकाड्याला कंटाळून बंगले बांधलेले. महाबळेश्वरही मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचं उन्हाळ्याचं मुक्कामाचं ठिकाण होतं. साहेबाला रात्री पांघरूण घ्यावंसं वाटलं तिथं त्याने हे फळ लावलं. आता साहेब गेला, पण आपल्याकडे नाशिकच्या सुरगाणा-कळवणच्या आदिवासी शेतकऱ्यांनी ते आपल्या डोंगरउतारांवर नेलंय, आणि सापुताऱ्याच्या रस्त्याला थंडीत त्यांचे डबे मांडलेले दिसतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते.

तर रात्र आणायची कुठून? माझ्यापुरतं उत्तर गच्चीत सापडलं. एका डिसेंबरात मी बाल्कनीत आणि गच्चीत एकेक साधा तापमापक टांगला. दोन्हींत अवघ्या एका मजल्याचं अंतर. पण बाल्कनीतली भिंत दिवसभर तापलेली असते आणि रात्रभर ती ऊब परत देत राहते. वरून शेजाऱ्यांच्या एसीचं यंत्र बारा महिने फुंकर घालतं. गच्चीच्या मध्यावर, टाकीपासून दूर, उघड्या आभाळाखाली हवा दोन-तीन अंशांनी गार. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता सरळ आभाळात निघून जाते. पहाटे पानांच्या कडांवर दवाचे थेंब असतात. पानांच्या दात्यांच्या टोकांवर ओळीने बसलेले गोल थेंब दिसले तर ते मात्र बहुधा दव नसतं. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी झाड कडांतून बाहेर टाकतं. ते दिसलं की मुळं ठाकठीक आहेत असं समजून मी चहा करायला खाली जाते.

गच्चीत कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी लागते. ती कशी मिळवली हा वेगळ्या, आणि जास्त विनोदी, लेखाचा विषय आहे.

कुंडी मातीची घ्यावी. प्लॅस्टिकची स्वस्त, हलकी. पण मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरून वाळतं आणि मुळं गार राहतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, माठ आहेच घरात. काही हौशी लोक कुंडीत बर्फाचे खडे टाकतात. त्यात फार हशील नाही. मुळं दोन तास गारठतात, गड्ड्याची रात्र तशीच उबट राहते. जपानी हरितगृहांत गड्ड्यालगत नळी फिरवून त्यातून गार पाणी खेळवतात, ते खरं शास्त्र. ते मला परवडणारं नाही आणि परवडलं तरी मी करणार नाही. हौसेला कुठंतरी लाज हवी.

मातीपेक्षा मला पाण्याने जास्त छळलं. स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल माती मानवते आणि खारटपणाचं तिला भारी वावडं. उन्हाळा जवळ आला की टँकर सुरू होतात. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, जड. ते आठवडाभर घातलं की पानांच्या कडा करपल्यागत तपकिरी होतात. नळाचं, तलावातून आलेलं पाणी तिला चालतं, म्हणून ते बादल्यांत भरून ठेवते. कोकोपीटची वीट भिजवली तर ती दोनदा धुऊन घ्यावी, कारण नारळाच्या काथ्यातही किनाऱ्याचं मीठ असतं. लाल माती, गांडूळखत, कोकोपीट आणि थोडं भाताचं तूस; याउपर युक्ती नाही. रोप लावताना गड्डा बरोबर मातीच्या पातळीला हवा. पुरला तर कुजतो, वर राहिला तर वाळतो. रनर दिसला की चिमटून टाकायचा, निदान जानेवारीपर्यंत.

बियांपासून स्ट्रॉबेरी लावू म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की नका. ऑनलाइन निळ्या, काळ्या, चक्क इंद्रधनुषी स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटं मिळतात. निळी स्ट्रॉबेरी पृथ्वीवर नाही. आहे ती फक्त फोटोत. आमच्या ओळखीतल्या एकांनी मागवलेल्या बियांतून उगवलं ते माठाच्या भाजीसारखं काहीतरी होतं, आणि त्यांनी ते फोडणीला टाकून वसुली केली.

आता फुलाकडे येते, कारण सगळ्या खटाटोपात माझा जीव रमतो तो तिथं. पाच पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळसर हिरवा घुमट, आणि घुमटाभोवती पुंकेसरांचं कडं. भिंग घेऊन पाहिलं तर घुमटावर शेकडो बारीक केसर उभे दिसतात. त्यातला प्रत्येक म्हणजे एक स्वतंत्र स्त्रीकेसर, आणि प्रत्येकाला आपापला परागकण हवा. डोंगरावर हे काम सातेरी मधमाश्या करतात. महाबळेश्वरचं मध संचालनालय उगीच तिथं नाही, आणि त्याच तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली. माझ्या गच्चीवर मधमाशी येते, पण तिच्या मर्जीने. म्हणून मी रंगकामाचा बारीक कुंचला घेऊन सकाळी ऊन जरा वर आलं की जाते. आधी कड्यावरून कुंचला फिरवायचा, मग घुमटावरून, अगदी हलक्या हाताने, आणि टोक विसरायचं नाही. टोक राहून गेलं की फळाचं नाक चपटं येतं. एक बाजू राहिली की फळ त्या बाजूला मुडपतं.

असं का होतं ते कळल्यावर मी फळाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. आपण जे लाल, रसाळ खातो ते वनस्पतिशास्त्राच्या लेखी फळच नाही. ती फुलाची फुगलेली बैठक आहे. वर टोचून बसवल्यासारखे जे पिवळे दाणे दिसतात ती खरी फळं, प्रत्येकात एक बी. आणि बैठक फुगते ती त्या दाण्यांच्या हुकमाने. १९५० साली एका संशोधकाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे चिमट्याने काढून टाकले. फळ तिथंच थांबलं. दाणे काढलेल्या जागी त्याने ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक लावलं, तेव्हा फळ पुन्हा वाढलं. एक दाणा ठेवला तर त्याच्याभोवती तेवढीच लाल गाठ उठली. म्हणजे गच्चीवर एखादं वाकडं, एकाच गालाने फुगलेलं फळ मिळालं की ते त्या सकाळचा नकाशा असतं: कुंचला इथवर पोचला, इथं पोचला नाही.

कुंचल्याची ही कामगिरी जुनी आहे, आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली त्या गोष्टीच्या अगदी जवळची. १७१२ साली आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता व्यापाऱ्याच्या वेशात दक्षिण अमेरिकेला निघाला. काम हेरगिरीचं: स्पॅनिशांच्या किल्ल्यांचे आराखडे काढायचे. चिलीच्या किनाऱ्यावर त्याला तिथल्या लोकांनी लावलेली, कधी न पाहिलेल्या आकाराची स्ट्रॉबेरी दिसली. १७१४ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याजवळ तगलेली पाच रोपं होती, आणि त्यातलीही काही जहाजावरच्या गोड्या पाण्याच्या बदल्यात मालावरच्या अधिकाऱ्याला द्यावी लागली. समुद्रावर महिनोन्‌महिने स्वतःच्या तोंडचं पाणी झाडाला पाजणाऱ्या हेराबद्दल माझ्या मनात आदर आहे. टँकरच्या दिवसांत जास्तच.

पण फ्रान्समध्ये ती झाडं वाढली, पसरली, आणि फळली नाहीत. फ्रेझिएने मोठ्या फळांची म्हणून निवडून आणलेली सगळी झाडं मादी होती. बागायतदार वैतागले. मग कुठं तरी, उत्तर अमेरिकेतून आधीच येऊन राहिलेल्या व्हर्जिनियाच्या लहान, सुवासिक स्ट्रॉबेरीशेजारी ती लागली आणि फळू लागली. हे गौडबंगाल उलगडलं ते अँत्वान निकोला द्युशेन या विशीही न गाठलेल्या पोराने. १७६४ साली त्याने हाताने परागीकरण करून चिलीच्या झाडाला फळं आणली आणि ती पंधराव्या लुईला नेऊन दाखवली. दोन वर्षांनी, १७६६ मध्ये, त्याने स्ट्रॉबेरीवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि बागांतून दिसू लागलेली नवी, मोठी, सुवासिक जात ही चिली आणि व्हर्जिनिया यांचा संकर आहे असं सांगितलं. आज जगभर, भिलारपासून फ्लोरिडापर्यंत, जी खाल्ली जाते ती हीच. तिचे दोन्ही पूर्वज अमेरिकेचे, एक वरचा आणि एक खालचा, पण त्यांची गाठ पडली ती युरोपातल्या बागेत. मूळ गाव कुठलं असं विचारलं तर या झाडाला सांगता येणार नाही. त्यामुळे "हे आपल्याकडचं फळ नव्हे" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. हे कुणाकडचंच नाही.

फुलापासून लाल फळापर्यंत महिनाभर लागतो, ठाण्यात त्याहून कमी. घाई ऊब करते, आणि घाईचं फळ लहान राहतं, साखरेला कमी पडतं. बोराएवढं झालं तरी मी खूश असते. तरी एका बाबतीत गच्चीवरचं फळ डब्यातल्यावर मात करतं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत गोड होतो, केळं घडावर. हिचा रंग डब्यात गडद होईल, पण गोडी तोडली त्या क्षणी होती तेवढीच. मुंबईला पाठवायचं फळ प्रवास सोसावा म्हणून देठाकडे पांढरं असतानाच काढावं लागतं. घरच्या फळाला मी टोपीखाली पांढरं काही उरलं असेपर्यंत हात लावत नाही. ते देठापर्यंत लाल होतं आणि जवळ गेलं की वास येतो. दुपारच्या उन्हात तसंच गरम तोडून खावं. फ्रीज त्याची चव मारतो. दुधात, क्रीममध्ये घालणं हा डब्यातल्या फळांचा इलाज आहे, यांच्यावर करू नये.

अर्थात देठापर्यंत लाल होण्याची वाट बघणारी मी एकटी नसते. लालबुड्या बुलबुलांची जोडी माझ्याआधी एक दिवस येते. जाळी लावली तर बुलबुल अडतो, खार अडत नाही. हवा तापू लागली की पानांखाली लाल कोळी जाळं विणतो. पानं वरून फिकट ठिपक्यांची झाली की समजावं. रोज सकाळी पानं उलटी धरून पाण्याचा फवारा मारला तर तो आटोक्यात राहतो. औषध मी मारत नाही, कारण पोरं गच्चीवर येऊन न विचारता फळं तोडतात, आणि त्यांनी विचारावं असं मला वाटतही नाही.

मार्च उजाडला की सगळं पालटतं. फुलं थांबतात आणि प्रत्येक रोप रनर सोडू लागतं. झाड इतकं हिरवंगार, इतकं तुकतुकीत जानेवारीतही नसतं. पाहुणे याच दिवसांत गच्चीवर येतात आणि म्हणतात, "वा, काय मस्त आलंय!" शहाणा माणूस इथं थांबतो, झाडं उपटतो, पुढच्या नोव्हेंबरात नवी आणतो. घाटावरचे शेतकरीही दर वर्षी नवीनच लावण करतात. मी मात्र थोडी पिल्लं चहाच्या रिकाम्या कपांत मातीवर टेकवून, केसांच्या पिनेने दाबून ठेवते. मुळं धरली की नाळ कापायची. मग खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ठाण्याचा पाऊस आणि त्यातली कोंदट ऊब गड्डा कुजवते. बहुतेक पिल्लं गणपतीपर्यंत जातात.

गेल्या पावसाळ्यात काही टिकली. जिन्याच्या खिडकीत ठेवली होती. तिथं वारा आरपार जातो आणि पागोळी लागत नाही. पावसाळा सरला, तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरभर ती नुसती पानं मिरवत राहिली. शेजारच्या घाटी रोपांना फुलं, फळं, आणि ही ढिम्म. डिसेंबरात त्यांना गच्चीच्या मध्यावर नेऊन ठेवलं. जानेवारीत आठवडाभर उत्तरेचा वारा सुटला, सकाळी लोकल पकडणारे कानटोप्या घालून निघाले, वर्तमानपत्रांनी हुडहुडीचे मथळे केले. मी पहाटे तापमापक बघायला जात होते, आणि आकडा खाली असला की दिवस चांगला जायचा. फेब्रुवारी निम्मा सरल्यावर त्यातल्या एका रोपाच्या पोटात पानांच्या बेचक्यात कळी दिसली.

हे रोप घाट कधी चढलेलं नव्हतं. त्याची आई चढली होती, ते त्याला माहीत नाही. गड्ड्यात जी कळी धरली ती ठाण्याच्या रात्रीत, पाण्याच्या टाकीपासून चार हात अंतरावर. मार्चच्या उन्हात ते फळ पिकलं, जेमतेम चिंचोक्याएवढं. गोड नव्हतं. चाखल्यावर घरातल्यांची तोंडं झाली तशीच माझीही झाली असावी. पण आजवर इथं जे पिकलं ते सगळं डोंगराकडून उसनं आणलेलं होतं, आणि एवढं एक आमचं होतं. त्याचा मला झालेला आनंद काकूंना हिशेबात कुठं मांडावा ते कळेना.

मी फळाचा फोटो भिलारच्या त्या शेतकरी दादांना पाठवला. दादांचा संध्याकाळी फोन आला. आधी पाणी कुठलं ते विचारलं, मग रात्रीचा आकडा विचारला, मग जात विचारली. जात मला ठाऊक नव्हती, नर्सरीवाल्यालाही नव्हती. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "थंडी हल्ली आमच्याकडंबी उशिरा पडतीया. उबीत फुललं म्हणता, तर बघायला पायजे. ऑक्टोबरात येताना त्याचं एक पिल्लू घेऊन या."

आणेन म्हटलं. पिशवी लागेल, ओलं गोणपाट लागेल, गाडीत कुणाच्या पायांशी ठेवायचं ते ठरवावं लागेल.

"पर शेतात नाय लावायचं हां ताई," फोन ठेवता ठेवता ते म्हणाले. "तुमच्याकडचा कोळी घेऊन येईल. गोठ्याच्या मागं लावू."